एक जानेवारीची माणसे

ती गोष्ट दोन हजार चौदा सालची. त्या वर्षी तोक्तोगुलच्या धरणात पाणी कमी साठले होते आणि बिश्केकमध्ये नोव्हेंबरपासूनच वीज कधी जाईल याचा नेम राहिला नव्हता. राइकान तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होती. शनिवारची सकाळ होती. कोपऱ्यावरच्या भट्टीसमोर गरम नानसाठी ती रांगेत उभी होती, पुढे दोनच माणसे उरली होती, आणि कोटाच्या खिशात फोन थरथरला. कचेरीतून युसुप बोलत होता. मशिनांची देखभाल त्याच्याकडे असे. राइकानला एजे, म्हणजे ताई, अशी हाक मारल्याशिवाय त्याला बोलायला सुरुवात करता येत नसे, पण त्या दिवशी त्याने आधी घसा साफ केला आणि मग म्हटले, “एजे, तिसरा भरला.” राइकानने विचारले, बाकीचे? तर म्हणाला, “बाकीचे बसलेत रिकामे, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे. सगळा भार एकट्या तिसऱ्यावर.” रांग पुढे सरकली. भट्टीवाल्या बाईने किती म्हणून विचारले तेव्हा राइकानने एक बोट वर केले. हाताला नानची ऊब लागली.

नान घरी नेऊन आईला द्यायचा होता, तो तसाच काखेत धरून ती ट्रॉलीबसमध्ये चढली. खिडकीवर आतून बाष्प साचले होते. तिने बोटाने एक रेघ ओढली आणि त्या रेघेतून बाहेर बघत ती मनाशी पुन्हा पुन्हा तीच मांडणी करू लागली. गावोगावी औषधे पोचवणाऱ्या ज्या मदत निधीत ती नोंदी सांभाळी, त्याच्याकडे सारे मिळून सहा सर्व्हर. डोंगराळ जिल्ह्यांतल्या मधुमेही माणसांच्या नोंदी त्यांच्यावर वाटलेल्या. कुणाला कुठले इन्सुलिन, सकाळी किती, रात्री किती, शेवटचे कधी पोचवले. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरांवर, म्हणजे एक मशिन बसले तरी माणूस हरवत नसे. पण तो डेटाबेस जुना झाला होता. नवा उभारायचा, सगळ्या नोंदी तिकडे न्यायच्या, आणि त्यासाठी नवी मशिने घ्यायला पैसा नाही असे वरून कळले होते. मग जुन्यातलेच एकेक मशिन काढायचे, पुसायचे, नव्यात लावायचे, एकेका जिल्ह्याच्या नोंदी तिकडे उतरवायच्या, की पुढचे मशिन. अंथरूण तोकडे असले की डोके झाकले तर पाय उघडे पडतात. तीन प्रतींच्या दोन झाल्या, दोनाची एक. शुक्रवारी संध्याकाळी चार मशिने नव्या घरात गेली होती, जुन्यात दोनच उरली होती, आणि त्या दोनांवर नारिनकडच्या सगळ्या वरच्या गावांच्या नोंदी एकेकट्या होत्या. त्यातल्या एकाची डिस्क गेला आठवडाभर दातांवर दात आपटल्यासारखा आवाज करत होती. सोमवारी औषधांच्या गाड्या निघायच्या. त्यानंतर खिंडीत बर्फ पडणार, आणि मग वसंतापर्यंत त्या गावांकडे काही पोचवणे खुदाच्या हातात.

पण नव्यातला तिसराच का भरावा? वाटणी तर समान होती. वाटणी तिनेच ठरवली होती. जुन्या घरात नोंदी गावांप्रमाणे ठेवलेल्या, आणि मोठ्या गावांमुळे तिथे कायम ओढाताण होई. नव्यात तिने ठरवले की जन्माचा दिवस आणि महिना यांवरून नोंद कुठल्या मशिनवर जाईल ते ठरेल. वर्षातून एकदा वाढदिवसाच्या सुमारास प्रत्येकाची तपासणी होत असे, त्यामुळे ते सोयीचेही होते. जन्म काही कुणी बेतून घालत नाही. वर्षाचे सगळे दिवस सारखेच. असा विचार करताना तिला किती हलके वाटले होते ते आठवले. चहाचा पेला हातात होता, खिडकीत चिनाराचे पान येऊन अडकले होते. स्वच्छ, गोल, कुठेही कोपरा नसलेला विचार. तेवढ्यात ट्रॉलीबसला गचका बसला, दिवे विझले आणि ती उभी राहिली. छतावरचे दांडे तारेवरून निसटले होते. ड्रायव्हर बाई हातमोजे चढवत शिव्या पुटपुटत खाली उतरली आणि मागे जाऊन दोर ओढू लागली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने राइकानच्या काखेतल्या नानकडे बघून, उलटा धरलायस गं पोरी, म्हणून सांगितले. नान पालथा धरू नये. राइकानने तो सुलटा केला आणि सवयीने त्याचा एक तुकडा मोडून बाईच्या हातावर ठेवला. बाईने तो कपाळाला लावला. “आत्ताच ध्यान असं कुठेतरी, माझ्या वयाची होशील तेव्हा काय करशील?” बाई म्हणाली. राइकानने उगाचच तिला वय विचारले. “पासपोर्टात आहे ते का खरं?” बाई हसली. “खरं विचारशील तर, आमच्याकडे टोळ पडले होते तेव्हाची मी. पासपोर्टात एक जानेवारी. आमच्या गावात सगळेच एक जानेवारी. ग्रामसोव्हिएतचा कारकून आळशी होता.”

दांडे तारेवर बसले, दिवे लागले, गाडी हलली. राइकान मात्र हलली नाही. तिला कळले होते, आणि ते कळणे अंगावर असे आले की कानांत दडे बसले. टोळ पडले तेव्हाची, जव कापत होते तेव्हाची, पहिल्या बर्फाची, नदीत घोडा वाहून गेला त्या उन्हाळ्यातली. ही सगळी माणसे कागदावर एक जानेवारीला जन्मली होती. खालच्या जिल्ह्यांत, शहराजवळ थोडी. जसजसे वर चढावे तसतशी जास्त. आणि सर्वांत वरच्या गावांत साठीपुढचे जवळजवळ सगळे. आणि ज्यांना इन्सुलिन लागते ती माणसे म्हातारीच. वर्षाच्या एका दिवसात तिने डोंगरच्या डोंगर कोंबला होता. परक्या देशातल्या एखाद्या शहाण्याने ही चूक केली असती तर तिने पोट धरून हसून सगळ्यांना सांगितले असते.

कारण तिच्या स्वतःच्या पासपोर्टातही एक जानेवारीच होती. नारिनच्या वर, उन्हाळी कुरणावर, ती जन्मली. सतराव्या वर्षी शहरात शिकायला यायचे ठरले तेव्हा तिने आईला विचारले होते, आपा, मी नक्की कधी झाले? आई ताक घुसळत होती. हात न थांबवता म्हणाली, “घोड्यांचं दूध काढायला नुकती सुरुवात झाली होती. त्या दिवशी मला फार काम होतं.” राइकानने आणखी विचारले, तारीख? आईने मान वर करून अशा नजरेने पाहिले की जणू मुलीने वाऱ्याचे वजन विचारले असावे. तो राग राइकानने कित्येक वर्षे बाळगला. तो रागही नसेल. पायाखाली एखादी फळी सैल असावी तशी काहीतरी अस्वस्थता होती, आणि तिच्यामुळेच कदाचित ती आकड्यांकडे गेली. फ्रुंझेच्या, म्हणजे तेव्हाच्या बिश्केकच्या, गणनकेंद्रात पांढरा कोट आणि मऊ सपाता घालून आत जावे लागे. खोलीएवढे मशिन गुणगुणत असे आणि छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना नव्या वहीचा वास येई. तिथे काहीही अंदाजे, जवळपास इतके असे नसे. एक तर असे किंवा नसे. तिची मैत्रीण ल्युबा हिने पहिल्याच महिन्यात विचारले, तुझा वाढदिवस कधी, केक करते. एक जानेवारी म्हणायला राइकानची जीभ वळेना. नव्या वर्षाच्या जाग्रणानंतर त्या दिवशी सगळे शहर झोपलेले असे, आणि खेड्यातली आहे हे त्या एका तारखेने उघडे पडे. तिने उगाचच म्हटले, वीस एप्रिल. टेकड्यांवर ट्युलिप फुलतात म्हणून असेल. त्यानंतर चाळीस वर्षे वीस एप्रिलला केक आले, फुले आली. सोव्हिएत संघराज्य मोडले, केंद्रातले मशिन आतल्या सोन्या-तांब्यासाठी फोडून विकले गेले, राइकानने दोर्दोयच्या बाजारात लोखंडी कंटेनरच्या दारात उभी राहून सात हिवाळे मोजे विकले, तिथल्या बायकांनीही वीस एप्रिललाच तिला भट्टीतले मांसाचे समसे खाऊ घातले. पन्नाशीच्या आसपास ती पुन्हा शिकून नव्या मशिनांकडे आली. तोवर ती मनाने पुरती एप्रिलची झाली होती. वाटणी ठरवताना तिने जे डोक्यात धरले होते ते ल्युबाचे जग होते. त्या जगात प्रत्येकाला आपापला दिवस असतो.

कचेरीत युसुप खिडकी सताड उघडून बसला होता. बाहेरची थंडी त्याने मुद्दाम आत घेतली होती, जुन्या डिस्कला बरे वाटावे म्हणून. युसुप दुंगान होता, पूर्वी चीनमधून आलेल्या मुसलमानांतला, टोकमोककडचा, चाळिशीचा, कानटोपी घालूनच काम करणारा. राइकानने काही सांगण्याआधीच त्याने पडदा तिच्याकडे वळवला. नावे सरकत होती आणि प्रत्येक नावापुढे तोच दिवस, तोच महिना. “माझी आजीसुद्धा यांच्यातलीच होती,” तो म्हणाला. “पण एजे, तुम्हाला हे कसं सुचलं नाही?” त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले. राइकानने कोट काढला नाही. ती खुर्चीवर बसली आणि काखेतला नान टेबलावर ठेवला.

करायचे काय ते स्पष्ट होते आणि तेच कठीण होते. नोंदींची वाटणी नव्याने करायची, म्हणजे जुनी वाटणी मोडेपर्यंत दोन्ही ठेवायला जागा हवी. जागा नव्हती. आणि कुरकुरणारी डिस्क किती वेळ तग धरेल ते सांगता येत नव्हते. थोड्या वेळाने डॉक्टर तोक्तोसुनोवा आल्या. निधीच्या त्या प्रमुख. मोजके बोलायच्या, रशियन पद्धतीने बापाचे नाव लावून हाक मारायच्या. राइकानने चूक कुणाची ते आधी सांगितले, मग चूक काय ती. डॉक्टरांनी ते सगळे ऐकून घेतले, पण त्यांचे लक्ष डिस्कच्या आवाजाकडे होते. “राइकान दुइशेनोव्ना,” त्या शेवटी म्हणाल्या, “मला एवढंच सांगा. सोमवारी गाड्यांत काय भरायचं ते मला कळेल का?” राइकान म्हणाली, माहीत नाही. असे उत्तर तिने पांढरा कोट घातल्यापासून कुणालाही दिले नव्हते.

तेव्हा युसुपने अशारची गोष्ट काढली. घर बांधायचे असले की गल्ली गोळा होते, कुणी विटा आणतो, कुणी नुसते हात, मालकाने फक्त जेवू घालायचे. त्याला अशार म्हणतात. युसुपचे म्हणणे, मशिनांचा अशार का नको? त्याच्या मेव्हण्याचे पोरांनी खेळ खेळायचे कॉम्प्युटर क्लब होते, त्यातल्या डिस्का काढून आणता येतील. राइकानला ते ऐकूनच कसेतरी झाले. पोरे ज्यांच्यावर रणगाडे पळवतात त्या डिस्कांवर म्हाताऱ्यांचे जीव ठेवायचे? आणि मागायचे कुणी? आयुष्यभर तिने कुणाकडे काही मागितले नव्हते. मागणे म्हणजे जवळपासचे, अंदाजाचे, उद्या बघूचे जग. डॉक्टर मात्र उठल्या, कोट चढवला आणि आपल्या मुलाचे मशिन आणायला घरी गेल्या. युसुप मेव्हण्याला फोनवर दुंगानीत काहीतरी दरडावत होता. दुपारपर्यंत कचेरीच्या जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून त्यावर परक्या घरांच्या डिस्का मांडल्या गेल्या, काहींवर चिकटवलेली वाघा-सिंहांची चित्रे तशीच. मेव्हण्याने स्वतः गाडीतून लाग्मानचे, शेवया आणि मांसाच्या रश्श्याचे, पातेले आणले. मालकाने जेवू घालायचे ही रीत उलटी झाली म्हणून तो राइकानला चिडवत राहिला.

एक गोष्ट तिने शेवटपर्यंत लांबवली. नवी वाटणी कशावरून करायची? युसुप म्हणाला, “कशावरूनही. कुठलाही आकडा लावा, एजे. मशिनलाच टाकू दे चिठ्ठ्या.” तेच बरोबर होते, अर्थ नसलेला आकडाच सगळ्यांना सारखा पसरवतो. तरी तिची बोटे पुढे जाईनात. एका आळशी कारकुनाने या माणसांना एकदा खोटा दिवस चिकटवला होता. आता ती त्यांना दुसरा खोटा आकडा देणार होती, आणि त्यावरून त्यांच्या नोंदी कुठे राहणार ते ठरणार होते. आपल्या गावच्या कारकुनाची आठवण तिला होती. लाल नाकाचा, बोटावर शाई, आईने त्याला एकदा लोणी दिले होते. त्यालाही कदाचित वरून कुणीतरी विचारले असेल, सोमवारपर्यंत होईल का? डोंगरात, थंडीत, कुठल्या कुठल्या कुरणांवर विखुरलेल्या बायकांना तो काय विचारत बसला असता? पहिल्यांदाच तिला त्याच्याविषयी राग वाटला नाही, आणि ते तिला मुळीच आवडले नाही. तिने आकडे लावायला सुरुवात केली.

डिस्क वाचली जात होती ती एखाद्या दमेकरी माणसाने जिना चढावा तशी. थांबे, आवाज करी, पुन्हा चाले. उघड्या खिडकीतून बारीक बर्फ आत येऊन वर्तमानपत्रांवर विरघळत होते. राइकान हात काखेत घालून नुसती ऐकत बसली होती. लहानपणी कुरणावर मेंढी अडली की आई अशीच बसे, हात न लावता, श्वास मोजत. वीज एकदा डुलली. दिव्यांचा उजेड पिवळा झाला, पुन्हा वर आला, आणि खोलीतली चारही माणसे एकमेकांकडे न बघता हसली. अंधार पडायच्या सुमारास डिस्कने एक लांब, बारीक स्वर काढला आणि ती गप्प झाली. युसुपने तिला हलवले, बंद केली, चालू केली, बर्फात धरली. मेव्हण्याने कानटोपी काढली. राइकानने पडद्यावर दोन्ही बाजूंची बेरीज लावून पाहिली, पुन्हा लावली. चार नोंदी कमी होत्या. फक्त चार. डॉक्टरांनी तिचा खांदा दाबला आणि म्हणाल्या, याला मी विजय म्हणते. युसुपने सुस्कारा सोडला तो आनंदाचाच. राइकानला मात्र आकडा दिसत होता आणि आकड्यामागे कुणीच दिसत नव्हते. किती हरवले ते कळले होते; कोण हरवले ते कळायला मार्ग नव्हता. नाव, गाव, मात्रा, सगळे त्या एका डिस्कवर एकेकटे होते.

सोमवारी गाड्या निघाल्या. डॉक्टरांनी प्रत्येक गाडीत अंदाजाने चार खोके जास्त टाकायला लावले. अंदाजाने, हा शब्द राइकानने स्वतः गाडीवाल्याला सांगितला. दोन गावांच्या परिचारिकांनी आठवड्याच्या आत फोनवर आरडाओरडा केला, आमचे अमुक राहिले, तमुक राहिली. असे तिघे सापडले. चौथ्यासाठी कुणी ओरडले नाही. तो अख्खा हिवाळा राइकान फोन वाजला की आधी श्वास धरी. चहा ओतताना, बाजारात मुळे निवडताना, ट्रॉलीबसमध्ये, कुठलाही म्हातारा दिसला की तिला वाटे, तू आहेस का? खिंडीत बर्फ होते. आई म्हणाली, तुझी झोप कुणी चोरली गं?

पुढे ज्याचे त्याचे जे व्हायचे ते झाले. युसुप दोन वर्षांनी अल्माटीला गेला, दुरुस्तीचे दुकान टाकले, आता त्याच्या हाताखाली सहा माणसे आहेत आणि सणासुदीला तो, एजे, रिकामे जावई काय म्हणतात, म्हणून फोन करतो. मेव्हण्याचे क्लब बंद पडले; पोरे फोनवरच खेळू लागली. डॉक्टर तोक्तोसुनोवांनी शहर सोडून नारिनला जायचे मागून घेतले आणि तिथेच राहिल्या. ल्युबा रशियात, समारात, मुलीकडे असते. वीस एप्रिलला अजून तिचा फोन येतो आणि राइकान अजून तिला काही सांगत नाही. निधी मिटला, नोंदी दुसरीकडे गेल्या, तिथूनही आणखी कुठे गेल्या म्हणतात, भरपूर मशिनांवर. जुनी माणसे त्यांतून आपोआप कमी होत गेली. आता एक जानेवारीला कुणी फारसे जन्मत नाही.

चौथा माणूस त्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात कळला. खिंड उघडल्यावर वरच्या गावांच्या दवाखान्यांतून कागद खाली आले, ते राइकानने एकेक लावून पाहिले. अत-बाशीच्या पलीकडचा काल्दीबाय, मेंढपाळ. त्या गावची परिचारिका हिवाळ्यात बाळंतपणाला गेलेली, फोनचा मनोरा विजेविना बंद. फेब्रुवारीत तो गेला. शेजारणीने आपल्या वाटणीतले इन्सुलिन त्याला काही दिवस दिले होते. डॉक्टर म्हणाल्या, ऐंशी वर्षांचे हृदय, काहीही झाले असेल, त्याचा हिशेब करू नका. राइकानने हिशेब केला नाही. वर्ष भरल्यावर त्याच्या घरच्यांनी वर्षश्राद्धाचे जेवण घातले तेव्हा मात्र ती मिनीबसने तिथवर गेली. अशा जेवणाला कुणी कुणाला कोण म्हणून विचारत नाही. बायकांत तिला जागा झाली, पुढ्यात चहा आला, कुणीतरी मुलगी तिच्या हातांवर पाणी घालून गेली. सून रडत गायली. म्हाताऱ्याचा जन्म कधीचा यावर दोन पुरुषांत थोडी वादावादी झाली, एक म्हणे बर्फाने गाव कोंडले त्या हिवाळ्यातला, दुसरा म्हणे त्यानंतरचा. निघताना रिवाजाप्रमाणे तिलाही मांसाचा तुकडा आणि बोर्सोक, कणकेच्या तळलेल्या वड्या, रुमालात बांधून दिले गेले. तिला नको म्हणता आले नाही.

घरी आई, आपा, खिडकीशी बसली होती. त्यानंतर ती आणखी तीन वर्षे जगली. तिने पुरचुंडी सोडली, वास घेतला, चांगली मेंढी होती म्हणाली, आणि दात नसलेल्या तोंडात मांसाचा बारीक तुकडा घोळवत राहिली. मग दोन्ही तळवे समोर धरले.

“कोणासाठी करू दुवा? नाव सांग.”

राइकान कोटाची बटणे सोडत उभी होती. ती म्हणाली, काल्दीबाय. मग बापाचे नाव सांगितले, गाव सांगितले, गावाच्या खालची वस्ती सांगितली, मग सकाळची मात्रा किती आणि रात्रीची किती, शेवटचे औषध कधी पोचले, कुठल्या डोळ्याला कमी दिसे, सगळे, कुठे न अडखळता.

आईने डोळे मिटलेलेच ठेवले. “एवढं कशाला गं,” ती म्हणाली, “खुदाला नाव पुरतं.” आणि तळवे चेहऱ्यावरून खाली उतरवले.